रिकामा कंटेनर उचलावा कशाने?

(माण, तालुका मुळशी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका तालुक्यात शासकीय कामानिमित्त गेलो असता एका शाळेच्या आवारात जो प्रसंग पाहिला, त्यापासूनच आरंभ करतो. गावाने वर्गणी काढून शाळेच्या वाचनालयासाठी चाळीस फुटी जुना कंटेनर विकत घेतला होता. तो ट्रेलरवरून उतरवून घेण्यासाठी एक लहान यारी, म्हणजे आपण जिला हायड्रा म्हणतो ती, भाड्याने आणली होती. तिच्यासोबत साधन म्हणून दोन आखूड पट्टे तेवढे होते. ते पेटीच्या पोटाखालून मध्यभागी घेण्यात आले आणि पेटी अधांतरी झाली. इतक्यात वळवाच्या सरीआधी सुटतो तसा वारा सुटला. पेटी हुकाभोवती फिरू लागली, एक टोक झुकले, पट्टा सरकला आणि ते टोक आवाराच्या भिंतीवर आदळून दहा-बारा हात भिंत कोसळली. मुख्याध्यापकांनी आधीच मुलांना वर्गात बसवून दारे लावून घेतली होती, म्हणून भिंतीवरच निभावले.

नंतर पट्टे बांधणाऱ्या माणसाशी बोललो. तो अनुभवी होता, बेपर्वा नव्हता. तो म्हणाला, “साहेब, भरलेला असता तर आम्ही जपूनच उचलला असता.”

या एका वाक्यात आजच्या विषयाचे सार आहे. भरलेल्या कंटेनरचा सर्वांना धाक असतो, रिकाम्याचा कोणालाच नसतो. रिकामा म्हणजे हलका, आणि हलका म्हणजे कशानेही उचलावा, ही समजूत बंदरापासून गावच्या वेशीपर्यंत आढळते. ती चुकीची का आहे, आणि रिकाम्या पेटीसाठी उचलण्याचे साधन निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, हे आपणापुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

पेटी आपल्या दारी आली कशी?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन नावाच्या मालमोटार व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. मालाची पोती आणि खोकी एकेक करून चढविण्या-उतरविण्याऐवजी मालासकट सबंध पेटीच उचलावी, ही त्यामागची साधी कल्पना होती. भारतात १९७३ मध्ये कोचीन बंदरात पहिले कंटेनरवाहू जहाज आले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जगाचे दार उघडले. २०२३-२४ या एका वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने मोजल्यास ६४ लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी केली.

चाकण, तळेगाव, भोसरी येथील कारखान्यांकडे परदेशी यंत्रभाग घेऊन आलेली पेटी माल उतरल्यावर रिकामी होते. ती जहाज कंपनीची मालमत्ता असते. म्हणून ती ठरलेल्या आगारात परत द्यावी लागते. तेथे तिची तपासणी होते, ती थप्पीत रचली जाते आणि निर्यातीच्या मालासाठी मागणी आली की पुन्हा बाहेर काढली जाते. चिंचवड व तळेगाव येथील आंतरदेशीय कंटेनर आगारांमुळे ही ये-जा आपल्या परिसराच्या नित्य परिचयाची झाली आहे.

प्रत्येक रिकाम्या पेटीची आगारात किमान दोनदा उचल होते, एकदा उतरविताना आणि एकदा चढविताना. पाच पेट्यांच्या थप्पीतील सर्वांत खालची पेटी हवी असेल, तर आधी वरच्या चार हलवाव्या लागतात. या उचलींतून कोणतीही मालवाहतूक होत नाही. साहजिकच हे काम जितके स्वस्तात उरकेल तितके बरे, अशी वृत्ती बळावते आणि साधनाची निवड करताना तिचाच कौल लागतो.

आपल्या माणची गोष्ट आणखी थोडी निराळी आहे. हिंजवडी-माण परिसरातील माहिती तंत्रज्ञान उद्यान, मोठमोठी बांधकामे आणि माणपासून शिवाजीनगरकडे जाणारा मेट्रोमार्ग यांमुळे जुने कंटेनर येथे कचेरी, भांडारगृह आणि कामगारांचा निवारा म्हणून वापरले जातात. म्हणजे जी पेटी बंदरात शिकलेल्या माणसांच्या हाती असते, तीच येथे मिळेल त्या यारीच्या हुकाला लागते. म्हणून बंदरावरील शहाणपण गावापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

पेटीची शक्ती कोपऱ्यांत

वीस फुटी कंटेनर ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद आणि बहुधा २.५९१ मीटर उंच असतो. चाळीस फुटी कंटेनरची लांबी १२.१९२ मीटर असते, आणि त्यातील उंच प्रकारच्या पेटीची उंची २.८९६ मीटर असते. वीस फुटी रिकामी पेटी सुमारे सव्वादोन टनांची, तर चाळीस फुटी उंच पेटी चार टनांच्या आसपास भरते. नेमके वजन पेटीच्या दारावर रंगविलेले असते.

भिंती आणि छप्पर नागमोडी पत्र्याचे असते. हा पत्रा दोन मिलिमीटरांच्या आसपास जाडीचा असतो. पेटीचा भार वाहतात ते चार कोपऱ्यांतील खांब. प्रत्येक खांबाच्या वर आणि खाली पोलादाचा एक ओतीव, पोकळ ठोकळा असतो. असे एकूण आठ ठोकळे. प्रत्येक सुमारे १७८ मिलिमीटर लांब, १६२ रुंद आणि ११८ उंच असून त्याला वरून व बाजूंनी भोके असतात. कीथ टँटलिंगर या अभियंत्याने मॅक्लीनसाठी हे कोपरे आणि त्यांत बसणारे फिरते कुलूप विकसित केले. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने कोपऱ्यांची मापे ठरवून दिली. म्हणूनच शांघायमध्ये बनलेली पेटी रॉटरडॅमच्या यारीने आणि न्हावा-शेव्याच्या यारीने सारखीच उचलता येते.

यातून पहिला नियम निघतो. पेटी धरायची ती कोपऱ्यांत. काट्यांसाठी मुद्दाम ठेवलेल्या खोबणी हा त्याला एकमेव अपवाद आहे, त्याविषयी पुढे बोलेन. दाराचे दांडे, पोटाखालचे आडवे वासे, छपराची कड ही धरण्याची स्थाने नव्हेत. रिकामी पेटी तेथे धरूनही उचलली जाते हे खरे, पण ती वाकते, सरकते, आणि केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो.

रिकामेपणाचा धोका

चाळीस फुटी उंच पेटीची लांब बाजू ३५ चौरस मीटरांहून अधिक क्षेत्रफळाची असते. गलबताच्या शिडाला वारा लागावा तसा तो या बाजूला लागतो. ढोबळ हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा अशा बाजूवर सुमारे २२० किलोग्रॅम भाराइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला सुमारे ८८० किलोग्रॅम. ताशी १०८ किलोमीटरला तो दोन टनांच्या घरात जातो. भरलेल्या तीस टनी पेटीला हा रेटा जाणवत नाही. रिकाम्या चार टनी पेटीला मात्र तो तिच्या वजनाच्या निम्मा होतो.

वाऱ्याची शक्ती आपल्या भागाला नवी नाही. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मावळ-मुळशीतही घरांचे आणि शाळांचे पत्रे उडविले होते. १७ एप्रिल २०२३ रोजी येथून जवळच किवळे येथे वादळी वाऱ्यात लोखंडी जाहिरात फलक कोसळून त्याच्या आडोशाला उभे असलेले पाच जण मृत्युमुखी पडले. तो फलक होता, कंटेनर नव्हे; परंतु रुंद पृष्ठभाग आणि वारा यांचे नाते दोन्ही ठिकाणी एकच असते. हुकाला टांगलेली रिकामी पेटी हा अधांतरी लोंबणारा फलकच होय.

म्हणूनच आगारांत रिकाम्या पेट्या एकट्या उंच थप्पीत न ठेवता एकमेकींना लागून रचतात, कडेच्या रांगा पायऱ्यांसारख्या उतरत्या ठेवतात आणि वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उचल थांबवितात.

चार साधने, चार कामे

आता साधनांकडे वळू. यंत्र आणि पेटी यांना जोडणाऱ्या साधनाचे मुख्य प्रकार चार आहेत.

पहिले साधन म्हणजे वरून धरणारा स्प्रेडर. ही पोलादी चौकट वीस वा चाळीस फुटांच्या मापाला लांब-आखूड करता येते. तिच्या चार टोकांची कुलुपे, ज्यांना ट्विस्टलॉक म्हणतात, वरच्या चार कोपऱ्यांच्या भोकांत उतरतात आणि नव्वद अंशांत फिरून पकड घेतात. चारही कुलुपे बसल्याचा दिवा लागल्याखेरीज उचल होऊ नये, अशी अडकण यंत्रातच असते. रीच स्टॅकर नावाच्या यंत्राला हाच स्प्रेडर असतो. ते भरलेल्याही पेट्या उचलते आणि दुसऱ्या रांगेपर्यंत हात पोहोचवते. परंतु पंचेचाळीस टन पेलणारे हे यंत्र स्वतः साठ-सत्तर टनांचे असते. त्याला तसे भक्कम आवार लागते आणि इंधनही खूप लागते. जेथे भरलेल्या व रिकाम्या अशा दोन्ही पेट्या हाताळायच्या आहेत तेथे ते योग्य. केवळ रिकाम्या पेट्यांसाठी ते घेणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर बोलावण्यासारखे आहे.

दुसरे साधन बाजूने धरणारा स्प्रेडर. हे खास रिकाम्या पेट्यांसाठीचे साधन आहे. उंच मनोऱ्याच्या यंत्रावर बसविलेली ही चौकट पेटीच्या एका लांब बाजूच्या वरच्या दोन कोपऱ्यांत पकड घेते, आणि पेटीची खालची बाजू यंत्राच्या आधारपट्ट्यांवर टेकते. यंत्राची क्षमता साधारण आठ ते दहा टन असते. ते पाच ते आठ पेट्यांची थप्पी रचू शकते. एकावर एक ठेवलेल्या दोन रिकाम्या पेट्या एका खेपेत उचलणारेही प्रकार आहेत. जेथे रोज शेकडो पेट्या हलतात तेथे त्यांचा लाभ होतो. मर्यादा दोन आहेत. हे यंत्र समोरच्या रांगेतील पेटीच घेऊ शकते, मागच्या रांगेतील नव्हे. आणि भरलेली पेटी त्याला कदापि लावू नये. म्हणून रिकामी म्हणून आलेली पेटी खरोखर रिकामी आहे की नाही, हे दार उघडून पाहणे ही या साधनाची पहिली अट आहे.

तिसरे साधन फोर्कलिफ्टचे काटे. अनेक वीस फुटी पेट्यांच्या तळाशी काट्यांसाठी खोबणी असतात. काही पेट्यांना खोबणींच्या दोन जोड्या असतात. त्यांतील आतली जोडी केवळ रिकाम्या पेटीसाठी असते. चाळीस फुटी पेट्यांना बहुधा खोबणी नसतातच. खोबणी नसलेल्या पेटीच्या पोटात काटे घालणे म्हणजे पोलादावर पोलाद घसरविणे होय. चाळीस फुटी पेटी मध्यभागी काट्यांवर घेतली तर दोन्ही अंगांना पाच-पाच मीटर लांबी लोंबकळते, आणि चाक एका खड्ड्यात गेले तरी तोल जातो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. फोर्कलिफ्टवर लिहिलेली क्षमता ठरावीक अंतरासाठी असते. पाटीवर ‘६०० मिलिमीटरवर ५ टन’ असे लिहिलेले असेल, तर पेटीचा मध्य काट्यांच्या मुळापासून सुमारे १२२० मिलिमीटरवर येतो. तेथे तीच क्षमता यंत्राच्या रचनेनुसार तीन-साडेतीन टनांवर उतरते. म्हणजे चार टनांची पेटी पाच टनी फोर्कलिफ्टलाही जड ठरते.

चौथे साधन चार पदरांचा दोर किंवा साखळी. महिन्यातून एखाददुसरी उचल असेल तेथे, म्हणजे गावात, बांधकामावर, लहान कारखान्यात, हेच साधन परवडते. त्यासोबत कंटेनरच्या कोपऱ्यांसाठी खास बनविलेले हूक लागतात. ते आतून बाहेरच्या दिशेने लावायचे असतात, म्हणजे पदर सैल पडला तरी हूक सहज निसटत नाही. भरलेली वीस वा चाळीस फुटी पेटी वरच्या कोपऱ्यांना तिरपे पदर लावून उचलायची नसते. रिकाम्या पेटीला ही सवलत आहे. पण सवलतीलाही गणित आहे.

पदरांचे गणित

दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य फळ्यावर मांडावे. चाळीस फुटी पेटीच्या कोपऱ्यांतील भोकांमध्ये लांबीच्या दिशेने ११.९८५ मीटर आणि रुंदीच्या दिशेने २.२५९ मीटर अंतर असते. म्हणून छपराच्या मध्यापासून प्रत्येक भोक सुमारे ६.१ मीटरवर येते. पदर छपराशी साठ अंशांचा कोन करावा असे वाटत असेल, तर प्रत्येक पदर १२.२ मीटर लांब हवा आणि हूक छपरापासून सुमारे साडेदहा मीटर उंच हवा. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून सुमारे दीड मीटर, त्यावर पेटी २.९ मीटर आणि वर साडेदहा मीटर, म्हणजे हूक जमिनीपासून पंधरा मीटरवर न्यावा लागेल. गावात येणाऱ्या लहान यारीला भार घेऊन ही उंची गाठणे सहसा शक्य नसते. म्हणून माणसे पदर आखूड करतात.

पदर आखूड केला की काय होते? चौरस, ताठ वस्तू चार पदरांवर टांगली तरी भार पुष्कळदा समोरासमोरच्या दोन पदरांवरच येतो, असे धरून हिशेब करावा लागतो. ३.९ टनांच्या पेटीसाठी साठ अंशांना अशा प्रत्येक पदरावर सव्वादोन टन ताण येतो. तीस अंशांना ज्याची किंमत निम्मी असते ते ‘साइन’ आपणांस ठाऊक आहेच. तेथे प्रत्येक पदरावर ३.९ टन ताण येतो, म्हणजे सबंध पेटीचे वजन एकेका पदरावर! शिवाय तिरप्या पदराची आडवी ओढ कोपऱ्यांना आत खेचते आणि छपराच्या कडेचे वासे दाबले जातात. पेटीचे वजन वाढलेले नाही. फक्त कोन बदलला आहे.

वीस फुटी पेटीसाठी हाच हिशेब सुसह्य होतो. साठ अंशांना पदर सुमारे ६.३ मीटर आणि हूक छपरापासून सुमारे साडेपाच मीटर. म्हणून गावासाठी माझी सूचना अशी की, वीस फुटी पेटीने काम भागत असेल तर चाळीस फुटी घेऊ नये. चाळीस फुटी घ्यायचीच असेल तर आखूड पदरांऐवजी उचल-चौकट असलेली यारी मागवावी. अशा चौकटीखाली पदर सरळ उभे राहतात, उंची कमी लागते आणि कोपऱ्यांना आडवी ओढ बसत नाही. तिचे भाडे अधिक पडते, पण कोसळलेली भिंत बांधण्याचा खर्च त्याहून अधिक असतो, आणि माणसाच्या जिवाचा हिशेब तर मांडताच येत नाही.

निवड करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

आगाराचे व्यवस्थापक असोत, खरेदी विभागातील अधिकारी असोत की ग्रामपंचायतीचे सदस्य, साधन निवडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

पेटी किती फुटी आहे आणि दारावर लिहिलेले तिचे रिकामे वजन किती? फक्त रिकाम्याच पेट्या उचलायच्या आहेत की कधीकाळी भरलेलीही? दिवसाला किती उचली होणार? थप्पी किती उंच, आणि पेटी समोरून मिळणार की मागच्या रांगेतून? आवाराची जमीन यंत्राचे वजन पेलेल काय? साधनाचे स्वतःचे वजन किती, आणि ते यारीच्या क्षमतेतून वजा केले आहे काय? वाऱ्याचा वेग मोजण्याची सोय आहे काय, आणि उचल थांबविण्याचा अधिकार कोणाला दिला आहे?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थांबा म्हणण्याचा अधिकार ज्या मुकादमाला नाही, त्याच्या हाती उत्तम स्प्रेडर देऊनही उपयोग नाही.

निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती. ‘कंटेनर उतरविणे, सर्व साहित्यासह’ एवढेच कलम लिहिले की सर्वांत कमी दर देणारा दोन पट्टे घेऊन येतो, आणि कागदोपत्री त्याचे काही चुकलेले नसते. त्याऐवजी कोपऱ्यांत धरणारे साधन, त्यावर कोरलेली सुरक्षित भारमर्यादा, तपासणीचे चालू प्रमाणपत्र आणि प्रशिक्षित चालक या अटी कलमातच लिहाव्यात. अटी समान झाल्या की दरांची तुलनाही न्याय्य होते.

कायद्याची भूमिका या बाबतीत जुनी आणि स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २९ व्या कलमाने उचल-यंत्रे, साखळ्या, दोर आणि अन्य साधने यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी आणि सुरक्षित भारमर्यादेपलीकडे ती वापरू नयेत, असा दंडक घालून दिला. गोदीतील कामगारांसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हे कायदे एकत्र गुंफण्यात आले. पेट्यांच्या सुरक्षिततेसाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार मान्यता मिळालेल्या पेटीच्या दारावर धातूची पाटी असते.

गावात पेटी येते तेव्हा

आता आपल्या अंगणातील गोष्ट. जुनी पेटी विकत घेताना आठही कोपरे हाताने चाचपून पाहावेत. ठोकळ्याला तडा असेल, गंजाने भोक मोठे झाले असेल वा खांब वाकला असेल, तर ती पेटी कितीही स्वस्त असली तरी नाकारावी.

खिडक्या-दारे कापायची असतील तर ती शक्यतो पेटी जागेवर बसविल्यानंतर कापावीत. पेटीच्या भिंतीचा नागमोडी पत्रा तिला ताठ ठेवतो. तो कापला की पेटी मध्ये झुकू शकते, आणि मूळ मान्यतेचा आधार उरत नाही. अशी पेटी पुन्हा हलवायची झाल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना हात लावू नये.

उचल सुरू होण्यापूर्वी ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांची कुलुपे उघडली आहेत, हे प्रत्येक कोपऱ्याशी जाऊन पाहावे. एखादे कुलूप अडकून राहिले तर रिकाम्या पेटीबरोबर ट्रेलरही उचलला जातो, आणि केबिनमध्ये चालक बसलेला असतो. म्हणून चालकाने खाली उतरून सुरक्षित अंतरावर उभे राहणे इष्ट. यारीचा हात वर जाण्याच्या जागी विजेच्या तारा आहेत काय हे आधी पाहावे, आणि असल्यास महावितरणला कळविल्याशिवाय काम सुरू करू नये. पेटीला दिशा देण्यासाठी दोन टोकांना लांब दोर बांधावेत, म्हणजे कोणाला पेटीला हात लावावा लागणार नाही. टांगलेल्या पेटीखाली कोणीही जाऊ नये, आणि वारा सुटला तर पेटी खाली टेकवून वाट पाहावी.

शिक्षक मित्रांना वेगळे सांगणे नको. मुलांना यारीचे भारी कौतुक असते. त्यांना ती अवश्य दाखवावी, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून. शक्यतो हे काम सुटीच्या दिवशी ठेवावे.

समारोप

मित्रहो, मी कला शाखेचा पदवीधर आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. या विषयाची माहिती मी जाणकारांना विचारून आणि आगारांत उभे राहून मिळविली. ती मिळविताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. उत्तम चालणाऱ्या आगारात रिकाम्या पेटीकडे कोणी तुच्छतेने पाहत नाही. मुकादम दार उघडून आत डोकावतो, चालक दिव्यांकडे पाहतो, वाऱ्याची दिशा पाहिली जाते आणि मगच पेटी हलते. हे सारे मिनिटाभरात होते. त्या एका मिनिटाने काम खोळंबल्याचे मी कोठे पाहिले नाही.

ज्या शाळेची भिंत पडली, तेथे गावाने भिंत पुन्हा उभारली. पेटीही जागेवर बसली. दुसऱ्या खेपेस मात्र चौकट असलेली यारी आली होती, आणि पेटी चार कोपऱ्यांत धरून ट्रेलरशेजारी अलगद ठेवली गेली. आज तेथे मुले पुस्तके वाचतात. आपल्या गावी पेटी येईल तेव्हा ती पहिल्याच खेपेस तशी यावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.